घराला हात घालण्यापूर्वी

उसाचे बिल हाती पडले की घराचे काम निघते. आमच्या एका सभासदाचे वडिलार्जित घर कोलाडला. पावसाला कंटाळून कौले काढून स्लॅब टाकायचा बेत. म्हणाले, “घरपट्टी भरतो, मग परवाना कशाला?”

बंधूंनो, घरपट्टीचा नमुना ८ म्हणजे करआकारणी, परवाना नव्हे. गिलावा, रंग, फरशी, आहे त्याच उंचीवर कौले बदलणे, याला परवाना लागत नाही. स्लॅब, वाढीव खोली, माडी यांना लागतो. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गावठाणात ग्रामपंचायतीची पूर्वपरवानगी हवी. गावठाणाबाहेर असाल तर तहसील कचेरीत आधी विचारा. महामार्गालगत असाल तर इमारत रेषाही पाहा.

आम्ही एवढेच सांगतो, आधी कागद, मग कुदळ. नाहीतर बांधलेले पाडण्यात वर्षाचा ऊस जायचा!