रायफल दुर्बीण : केंद्रीकरणातील दोष व उपाय

रायफल दुर्बीण : दूरचे लक्ष्य विवर्धित करून दाखविणारा आणि त्याच वेळी नेमाची खूण त्या लक्ष्यावर टेकलेली दाखविणारा, रायफलीवर नळीला समांतर पक्का बसविलेला लहान दूरदर्शक. साध्या रायफलीवर नेम धरताना मागील खाच, नळीच्या टोकावरील माशी आणि लक्ष्य या तीन निरनिराळ्या अंतरांवरील गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. मानवी डोळा एका वेळी यांपैकी एकच गोष्ट स्पष्ट पाहू शकतो. दुर्बिणीत लक्ष्याची प्रतिमा व नेमाची खूण एकाच प्रतलात आणलेली असल्यामुळे ही अडचण राहत नाही. मात्र ती दोन्ही खरोखर एका प्रतलात असली, तरच हा लाभ मिळतो. स्वल्पमूल्य दुर्बिणींच्या बहुतेक तक्रारी येथूनच उद्भवतात.

दूरदर्शकात नेमाची खूण बसविण्याची कल्पना इंग्रज ज्योतिर्विद विल्यम गॅसकॉइन यांनी १६३९ च्या सुमारास अमलात आणली. भिंगाच्या केंद्रप्रतलात आलेला बारीक धागा दृश्याबरोबरच सुस्पष्ट दिसतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. गॅसकॉइन १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत मारले गेले. रायफलीवर दूरदर्शक बसविण्याची पद्धत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ होऊ लागली. परंतु दीर्घकाळ ही वस्तू महागच राहिली. १९३० मध्ये विल्यम वीव्हर यांनी अमेरिकेत अवघ्या १९ डॉलरांना दुर्बीण विक्रीस आणली आणि ती सामान्य नेमबाजाच्या आवाक्यात आली. १९३५ मध्ये जर्मनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगावर परावर्तनरोधी लेप देण्याची पद्धत शोधून काढली. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सु. ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दहा पृष्ठे ओलांडताना सु. एक तृतीयांश प्रकाश वाया जातो व त्यातील काही भाग आत इतस्ततः पसरून प्रतिमा फिकट करतो. हलक्या दुर्बिणीतील लेप एकेरी किंवा काही पृष्ठांपुरताच असतो. तिच्यातून दिसणारे धूसर चित्र पुष्कळदा केंद्रीकरणाच्या दोषामुळे नव्हे, तर यामुळे धूसर असते.

रचना : दुर्बिणीच्या पुढील टोकास वस्तुभिंग असते व ते लक्ष्याची उलटी प्रतिमा तयार करते. मधली भिंगजोडी ती सुलटी करते आणि डोळ्याजवळील नेत्रिकेतून ती पाहतात. एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या तारांची किंवा काचेवर कोरलेल्या रेषांची जी फुली (येथे तिला ‘नेमफुली’ म्हटले आहे) नेमासाठी वापरतात, ती प्रतिमेच्या प्रतलात बसवितात. यावरून दोन स्वतंत्र जुळण्या संभवतात. नेत्रिका पुढेमागे केली, म्हणजे नेमफुली पाहणाऱ्याच्या डोळ्यास स्पष्ट होते. वस्तुभिंग (किंवा काही दुर्बिणींत नळीतील एक सरकते भिंग) पुढेमागे केले, म्हणजे लक्ष्याची प्रतिमा नेमफुलीच्या प्रतलात येते. पहिली जुळणी डोळ्याशी व दुसरी लक्ष्याच्या अंतराशी संबंधित आहे. लक्ष्य अंधुक दिसताच नेत्रिका फिरवीत सुटणे ही सर्वांत सामान्य चूक होय. तसे केल्याने लक्ष्य कदाचित स्पष्ट होते. परंतु नेमफुली बिघडते आणि दोन प्रतलांमधील अंतर होते तेवढेच राहते.

हे अंतर किती असते, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. वस्तुभिंगाचे केंद्रांतर २०० मिमी. मानल्यास ९१ मी. (१०० यार्ड) अंतरावरील लक्ष्याची प्रतिमा केंद्राच्या मागे सु. ०.४ मिमी.वर पडते, १० मी. वरील लक्ष्याची प्रतिमा मात्र सु. ४.१ मिमी. मागे जाते. मोठ्या रायफलींसाठीच्या अनेक स्वस्त दुर्बिणींत वस्तुभिंग कारखान्यातच ९१ मी. च्या आसपासच्या अंतरासाठी कायमचे बसविलेले असते. अशी दुर्बीण हवाई रायफलीवर लावून अंगणातील १० मी. वरच्या लक्ष्याकडे पाहिले, की ते अंधुक दिसणारच. यात दुर्बीण सदोष नसते. ती भलत्या कामाला लावलेली असते.

पराशय : प्रतिमा व नेमफुली भिन्न प्रतलांत असल्यास डोळा बाजूस सरकताच नेमफुली लक्ष्यावरून सरकलेली भासते. या आविष्कारास पराशय म्हणतात. बाजारात तो ‘पॅरलॅक्स’ या नावाने ओळखला जातो. अंधुक चित्रापेक्षा हा अधिक घातक होय, कारण तरुण डोळा स्वतःच्या समायोजनशक्तीने थोडाफार फरक सांभाळून घेतो; चित्र स्वच्छ दिसते आणि गोळी मात्र दुसरीकडे जाते. मग दोष रायफलीला, गोळ्यांना किंवा स्वतःच्या हाताला दिला जातो.

पराशयामुळे होणारी जास्तीत जास्त चूक काढण्याची रीत सोपी आहे. दुर्बीण ज्या अंतरासाठी जुळविलेली आहे ते अंतर आणि लक्ष्याचे अंतर यांतील फरकास जुळणीच्या अंतराने भागावे व वस्तुभिंगाच्या निम्म्या व्यासाने गुणावे. ४० मिमी. व्यासाच्या व ९१ मी. ला जुळविलेल्या दुर्बिणीत १० मी. वर ही चूक सु. १८ मिमी. येते. १० मी. हवाई रायफल स्पर्धेतील संपूर्ण लक्ष्याचा व्यास ४५.५ मिमी. व मधल्या ठिपक्याचा ०.५ मिमी. असतो, हे लक्षात घेतल्यास तिचे महत्त्व कळेल. त्याच दुर्बिणीने २०० मी. वर होणारी चूक सु. २४ मिमी. म्हणजे त्या अंतराच्या मानाने किरकोळ ठरते. पराशयाचा जाच जवळच्या लक्ष्यावर होतो, लांबच्या लक्ष्यावर फारसा नाही; विक्रेते नेमके याच्या उलट सांगतात. अर्थात डोळा दृश्याच्या अगदी काठाशी असेल, तेव्हाच एवढी चूक होते. तो मध्यावर ठेवल्यास ती जवळजवळ नाहीशी होते.

जुळणी : कोणत्याही जुळणीपूर्वी रायफल रिकामी आहे याची खात्री करून घ्यावी. जुळणीत दुर्बीण इकडेतिकडे रोखावी लागते आणि चाप व नळी यांचे भान राहत नाही. सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखू नये. डोळ्याच्या जालपटलास कायमची इजा होते.

नेत्रिकेची जुळणी निरभ्र आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे पाहून करतात. समोर लक्ष्य नसावे, म्हणजे डोळा दुसऱ्या कशावर स्थिरावत नाही. नेत्रिका बरीच बाहेर फिरवून नेमफुली अंधुक करावी व नंतर थोडी थोडी आत आणावी. प्रत्येक वेळी एकदोन सेकंदच पाहावे व मध्ये दूर नजर टाकावी. टक लावून पाहिल्यास डोळा स्वतःच समायोजन करून अंधुक फुली स्पष्ट करतो. अशा रीतीने जुळविलेली दुर्बीण अर्ध्या तासात डोळा शिणविते. नेमबाजी चष्मा लावून करायची असेल, तर जुळणीही चष्मा लावूनच करावी. ऱ्हस्वदृष्टी किंवा दीर्घदृष्टी नेत्रिकेने बऱ्याच अंशी भरून निघते, परंतु दृक्‌वैषम्य भरून निघत नाही. फुलीची एक रेषा स्पष्ट व दुसरी अस्पष्ट दिसत असल्यास दुर्बीण रायफलीवरून काढून हातात धरावी व स्वतःभोवती फिरवावी. अस्पष्टतेची दिशा डोळ्याच्या दृष्टीने तीच राहिली, तर दोष डोळ्यात आहे. ती दुर्बिणीबरोबर फिरली, तर दोष दुर्बिणीत आहे. चाळिशीनंतर ही परीक्षा दुर्बीण परत करण्यापूर्वी अवश्य करावी.

नेत्रिका एकदा जुळली, की तिची कडी आवळून ठेवावी आणि तिला पुन्हा हात लावू नये. त्यानंतर लक्ष्याच्या अंतराची जुळणी करतात. वस्तुभिंगावर फिरते कडे असल्यास त्यावरील आकड्यांवर विसंबू नये. स्वल्पमूल्य दुर्बिणीत ते केवळ अंदाज असतात. रायफल आधारावर स्थिर ठेवून, तिला स्पर्श न करता, डोके किंचित वरखाली व डावीउजवीकडे हलवावे. नेमफुली लक्ष्यावरून हलेनाशी होईपर्यंत कडे फिरवावे आणि त्या ठिकाणी स्वतःची खूण करावी. कड्याच्या आट्यांत ढिलेपणा असतो, म्हणून खुणेपाशी नेहमी एकाच बाजूने फिरवीत यावे.

जेथे असे कडे नसते, तेथे सर्वांत सोपा उपाय म्हणजे वस्तुभिंगावर मध्यभागी गोल भोक असलेली काळी चकती बसविणे. भोकाचा व्यास २० मिमी. ठेवल्यास वरील १८ मिमी.ची चूक ९ मिमी. वर येते व जवळची लक्ष्येही अधिक स्पष्ट दिसतात. यामुळे प्रकाश कमी होईल ही भीती दिवसा निराधार असते. ४ पट विवर्धनाला २० मिमी.च्या छिद्रातून येणारी प्रकाशशलाका ५ मिमी. जाड असते आणि भर उन्हात डोळ्याची बाहुली २ ते ३ मिमी. एवढीच उघडलेली असते. ९ पटीला व संध्याकाळी मात्र ही चकती अडचणीची होते. वस्तुभिंगाची कडी सैल करून भिंग आट्यांवर पुढे घेण्याचा उपायही करतात. त्याने जुळणीचे अंतर जवळ आणता येते खरे. पण नळीतील कोरडा नायट्रोजन निघून जातो, दमट हवा आत शिरते आणि कोकणासारख्या प्रदेशात पहिल्याच पावसाळ्यात भिंगांवर आतून बाष्प धरते. निर्मात्याची हमीही अर्थातच संपते.

अन्य कारणे : एकदा जुळलेले चित्र काही दिवसांनी पुन्हा बिघडल्यास बहुधा एखादे भिंग ढिले झालेले असते. स्प्रिंग-दट्ट्याच्या हवाई रायफलीचा धक्का प्रथम मागे व लगेच पुढे असा दुहेरी असतो. केवळ मागे येणाऱ्या धक्क्यासाठी बांधलेल्या दुर्बिणी, त्या मोठ्या रायफलीवर टिकल्या तरी, हिच्यावर टिकत नाहीत. पकडीचे स्क्रू प्रमाणाबाहेर आवळल्यास नळी चेपते व आतील भिंगजोडी वाकडी होते. दुपारी तापलेल्या जमिनीवरील व नळीवरील हवेमुळे चित्र थरथरते. हे मृगजळ कोणत्याही जुळणीने जात नाही, विवर्धन कमी केल्याने सुसह्य होते. बदलत्या विवर्धनाच्या दुर्बिणीत ३ पटीला स्वच्छ असलेले चित्र ९ पटीला बिघडत असेल, तर सरकत्या भिंगजोडीची घडण सदोष असण्याचा संभव असतो व त्यावर घरगुती उपाय नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर शिकारीस फारसा वाव उरला नसल्यामुळे नागरी वापरातील अशा दुर्बिणी मुख्यतः लक्ष्यवेधाच्या सरावापुरत्या असतात. ऑलिंपिकमधील रायफल प्रकारांत त्या चालत नाहीत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांचे २०१० चे विश्वविजेतेपद किंवा स्वप्निल कुसाळे यांचे २०२४ चे पॅरिसमधील कांस्यपदक ही दोन्ही भिंगविरहित छिद्रनेमावर मिळविलेली आहेत. स्पर्धेची तयारी करणाऱ्या नवशिक्याने दुर्बिणीवर खर्च करण्याचे कारण नाही.

इतरांनी ती घेताना त्याच पैशांत मिळणारी २४ पटींची दुर्बीण टाळून ४ पटींची, शक्यतो अचल विवर्धनाची, घ्यावी. हलणारे भाग जितके कमी, तितके बिघाडही कमी. शिवाय विवर्धनाबरोबर भिंगांचे दोषही मोठे होऊन दिसतात. दुकानाबाहेर येऊन आकाशाच्या पार्श्वभूमीवरील विजेचा खांब पाहावा. त्याच्या कडांना जांभळी वा पिवळी किनार दिसल्यास वर्णविपथन मोठे आहे असे समजावे. दृश्याच्या मध्यापासून काठाकडे खांब किती अंधुक व वाकडा होतो तेही पाहावे, आणि नेमफुली खांबावर ठेवून डोके हलवावे.