पावतीवरचे नाव आणि घराची मालकी

आमच्या बँकेत गृहकर्जाची चौकशी करायला येणाऱ्यांत सरकारी चाळीतला माणूस लगेच ओळखू येतो. त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत भाडेपावत्यांचा गठ्ठा असतो. आजोबांच्या काळापासूनच्या पावत्या, एकही महिना चुकलेला नाही. तो मोठ्या विश्वासाने गठ्ठा काउंटरवर ठेवतो आणि आम्हांला सांगावे लागते की, बाबा रे, पावती हा भाडे भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नाही. जे आपल्या नावावर नाही ते बँक तारण म्हणून घेत नाही. हे सांगताना दरवेळी अवघडल्यासारखे होते, कारण आम्हीही अशाच खोलीत वाढलो.

मुंबईतील अशी सर्वांत परिचित वस्ती म्हणजे बी.डी.डी. चाळी. १९२० साली गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले आणि त्या दशकात वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ व शिवडीला १२ अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. आरंभी कित्येक खोल्या ओस पडून होत्या. पुढे गिरणी कामगार आले, सफाई कामगार आले, पोलीस आले. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या याच चाळींत आपल्या लोकांनी काय सोसले ते जुन्या मंडळींना सांगायला नको. तरीही जवळजवळ शंभर वर्षे येथला रहिवासी भाडेकरूच राहिला. पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ मध्ये झाले, वरळीत कामाचा शुभारंभ २०२१ च्या ऑगस्टमध्ये, आणि ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या त्या ऑगस्ट २०२५ मध्ये. शिवडीच्या चाळींची जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणजे केंद्र सरकारच्या अखत्यारीतली; म्हणून त्या मागे राहिल्या. भिंती राज्याच्या आणि जमीन केंद्राची असली की राहणाऱ्याने कोणाचे दार ठोठवावे?

परंतु सगळाच उशीर मंत्रालयात होतो असे नाही. घर कोणाच्या नावे करावयाचे हे ठरल्याशिवाय मालकीचा कागद होत नाही, आणि तेथे पहिला अडथळा आपल्याच घरात असतो. आमच्याच घरचे सांगतो. खोली सरकारी चाळीतली; कोणत्या, ते येथे सांगण्याचे कारण नाही. पावती आजोबांच्या नावाची. ते १९९४ मध्ये गेले. त्या वेळी वडील, काका आणि आत्या अशा तीन सह्यांवर काम झाले असते. पण भाडे तर भरतोच आहोत, मग घाई कशाला, असे म्हणून कोणी अर्ज केला नाही. २००९ मध्ये वडिलांनी अर्ज दिला. फाइल पडून राहिली. २०१२ मध्ये काका वारले, तेव्हा त्यांच्या जागी काकू आणि तीन मुले आली. २०१६ मध्ये वडीलही गेले. त्यांच्या जागी आई, बहीण आणि आम्ही. तीन सह्यांच्या आठ झाल्या! त्यातला एक चुलतभाऊ आखातात नोकरीला. त्याचे प्रतिज्ञापत्र येईपर्यंत आत्या अंथरुणाला खिळली होती. तिचा अंगठा घेतला तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या आजोबांनी ही खोली मिळवली तेव्हा एक अंगठा पुरला होता." कार्यालयाने दिरंगाई केली हे खरेच, पण पहिली पंधरा वर्षे आमची आम्हीच घालविली हेही खरे.

उशिराची किंमत पैशांत किती होते तेही पाहू. बी.डी.डी. चाळींत पोलिसांची सेवानिवासस्थाने आहेत. तेथे १ जानेवारी २०११ ही तारीख धरून, राहत असलेल्या पोलीस कुटुंबांना मालकीची घरे विकत देण्याचे २०२२ मध्ये ठरले. किंमत आधी ५० लाख सांगितली गेली, मग २५ लाख, आणि शेवटी १५ लाख रुपये. समजा, शिपायाचे वय ३८ आहे. निवृत्ती ५८ व्या वर्षी, म्हणजे कर्जफेडीला २० वर्षे. साडेआठ टक्के व्याज धरले तर १५ लाखांवर महिन्याचा हप्ता सुमारे १३,००० रुपये येतो. आता हेच काम दहा वर्षे रखडले असे धरा. किंमत एका पैशाने वाढली नाही, व्याजही तेच. पण फेडीला उरली १० वर्षे. हप्ता होतो सुमारे १८,६०० रुपये. आणखी थोडा उशीर, आणि पेन्शनच्या आकड्यावर एवढे कर्ज बसत नाही. घर विकायला निघाले, घेणारा दारात उभा आहे, पण त्याची कर्ज घेण्याची उमर निघून गेली, असे होते.

हा प्रश्न इंग्लंडमध्येही आला होता. तेथे १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने नगरपालिकांच्या घरांतील भाडेकरूंना आपले घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. अनेक पालिकांना हे मान्य नव्हते. नॉर्विचच्या पालिकेने काम इतके संथ चालविले की मंत्री मायकेल हेसेल्टाइन यांनी विक्रीचे अधिकार आपल्या हाती घेण्याचा आदेश काढला. पालिका न्यायालयात गेली आणि १९८२ मध्ये अपिलात हरली. आम्हांला महत्त्वाची वाटते ती १९८८ च्या कायद्याने झालेली दुरुस्ती. पालिकेने मुदत पाळली नाही तर भाडेकरूने विलंबाची नोटीस द्यावयाची. तरीही हालचाल झाली नाही तर दुसरी नोटीस, आणि तेथून पुढे भरलेले भाडे घराच्या किमतीतून वजा व्हावयाचे. उशीर करणाऱ्याच्याच खिशाला चाट! त्या योजनेत दोषही मोठे होते. विकलेल्या घरांच्या जागी पुरेशी नवी घरे बांधली गेली नाहीत, गरिबांना भाड्याची घरे कमी पडली. स्कॉटलंडने २०१६ मध्ये आणि वेल्सने २०१९ मध्ये तो हक्क बंद केला. तरी विलंबाचे ते कलम आम्हांला न्यायाचे वाटते.

आपल्याकडे मुदत नाही असे कोणी समजू नये. महाराष्ट्रात २००५ चा कायदा आहे. लोक त्याला दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. त्याप्रमाणे साधारण फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. दुसऱ्या विभागाकडे जाणारी नसेल तर ४५ दिवसांत आणि जाणारी असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा. दिरंगाई करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. मात्र वाट पाहणाऱ्याचे एक रुपयाचे भाडे त्यात परत येत नाही. आणि मुदत मोजावयाची तर अर्ज कोणत्या तारखेला पोहोचला हे सिद्ध करता आले पाहिजे. वडिलांच्या २००९ च्या अर्जावर आवक क्रमांकच घेतलेला नव्हता. तोंडी "ठेवून जा" म्हटले, ते ठेवून आले.

तेव्हा ज्यांच्या पावतीवर अजून मयत माणसाचे नाव आहे त्यांनी मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका, जुन्यातली जुनी पावती आणि वारसांची नावे एका जागी करावीत. आत्या-बहिणींना आधी विचारावे, सही मागायला शेवटी जाऊ नये. त्यांचाही हक्क असतो. अर्ज दोन प्रतींत करून आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांनी रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात कागद घेऊन यावे. आम्ही आणि आमचे दोन सहकारी अकरापर्यंत तेथे बसतो.