गाडीतच मुक्काम करताय? रात्रीची जागा अशी निवडा

दिवाळीची सुट्टी, मुलांच्या परीक्षा संपलेल्या आणि दारात उभी आहे एक कॅम्पर व्हॅन. भाड्याने घेतलेली असेल, नाहीतर तुमच्याच टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये किंवा ईकोमध्ये पलंग, छोटा ओटा आणि पंखा बसवून घेतलेला असेल. हॉटेलचं बुकिंग नको, सामानाची चढउतार नको. आजीची औषधं, बाळाचं दूध, सगळं हाताशी. वाटेल तिथे थांबायचं, वाटेल तेव्हा निघायचं.

दिवसा हे अगदी खरं असतं. संध्याकाळी सहा वाजले की मात्र गाडीत एकच प्रश्न घुमू लागतो, आज रात्री गाडी लावायची कुठे?

परदेशात अशा गाड्यांसाठी जागोजागी पार्क असतात. पाणी, वीज, शौचालय, पहारा अशी सगळी सोय तिथे मिळते. आपल्याकडेही सुरुवात झाली आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं आणि त्याच वर्षी केरळने ‘केरवान केरळ’ योजना जाहीर केली. पण असे पार्क अजून मोजकेच आहेत. इंदूरहून जयपूरला, वडोदऱ्याहून उदयपूरला किंवा पुण्याहून म्हैसूरमार्गे उटीला निघालात, तर रात्रीची जागा तुम्हालाच शोधावी लागणार. त्यासाठी एक नियम पक्का लक्षात ठेवा. जिथे गाडी लावायला कुणीतरी ‘हो’ म्हटलं आहे आणि रात्री कुणीतरी जागं आहे, तीच जागा सुरक्षित.

उजेडात पोहोचा

जागेची पारख दिवसाच होते. जमीन सपाट आहे का, वर विजेच्या तारा किंवा वाळलेल्या फांद्या आहेत का, आजूबाजूला कोण बसतं, शौचालय खरोखर उघडं आहे का, हे अंधारात कळत नाही. म्हणून सूर्यास्ताच्या किमान तासभर आधी मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचायचं ठरवा.

आपला देश पूर्व-पश्चिम इतका पसरलेला आहे की ‘संध्याकाळ’ सगळीकडे एकाच वेळी होत नाही. डिसेंबरमध्ये गुवाहाटीत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तर द्वारकेत सहा वाजून जातात. ईशान्येकडे निघाला असाल तर दिवसाचा टप्पा लहानच ठेवा.

काही रस्ते रात्री बंदच असतात. गुंडलुपेटहून वायनाडकडे आणि उटीकडे जाणारे रस्ते बंदीपूरच्या जंगलातून जातात. तिथे वन्यप्राण्यांसाठी रात्री ९ ते सकाळी ६ खासगी वाहनांना प्रवेश नाही. साडेनऊला नाक्यावर पोहोचलात तर रात्र तिथेच काढावी लागेल. त्यापेक्षा म्हैसूर किंवा गुंडलुपेटलाच थांबा आणि सकाळी ताज्या मनाने जंगल ओलांडा.

रोज दुपारच्या जेवणाच्या वेळी रात्रीच्या दोन जागा ठरवून ठेवा. पहिली जमली नाही तर दुसरी, आणि दोन्हींत तीस-चाळीस किलोमीटरपेक्षा जास्त अंतर नको. शक्य असेल तिथे आधी फोन करून विचारा.

कुठे विचारावं?

महामार्गावरचे मोठे पेट्रोल पंप ही सर्वांत सोपी जागा. दिवे, कॅमेरे, शौचालय, पिण्याचं पाणी आणि रात्रपाळीची माणसं तिथे असतात. मात्र पंप रात्रभर चालू राहतो की दहाला बंद होतो, ते आधी विचारा. डिझेल भरा, मॅनेजरला भेटा आणि परवानगी घ्या. एक पथ्य कडक पाळा. पंपाच्या आवारात गॅस पेटवायचा नाही, चहापुरताही नाही.

मोठे ढाबे हा दुसरा पर्याय. ज्या ढाब्यावर कुटुंबं जेवायला थांबतात, तिथेच थांबा. बाजूला दारूचं दुकान असेल तर पुढे चला. जेवणाची ऑर्डर देतानाच मालकाशी बोला. ‘मालक, रात्री गाडी इथे लावली तर चालेल का? सकाळी सहाला निघू, जेवण इथेच करतोय.’ उत्तरेकडे असाल तर ‘भाईसाहब, रात को गाड़ी यहीं लगा लें? सुबह छह बजे निकल जाएँगे.’ बहुतेक वेळा एवढं पुरतं. पैसे घेत नसतील तर सकाळचा नाश्ताही तिथेच करा.

कुटुंबासोबत असताना सर्वांत निश्चिंत झोप लागते ती हॉटेल, रिसॉर्ट किंवा कृषी पर्यटन केंद्राच्या आवारात. महाराष्ट्रात एमटीडीसी, कर्नाटकात मयूर, राजस्थानात आरटीडीसी अशी सरकारी पर्यटक निवासं आहेत. ‘खोली नको, फक्त गाडी लावायची आहे, शौचालय आणि विजेचा एक प्लग मिळाला तर त्याचे पैसे देऊ,’ असं स्पष्ट सांगा. काही ठिकाणी नकार मिळेल, काही ठिकाणी थोडक्या पैशांत काम होईल. सोबत आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासाठी एक खोली घ्या आणि बाकीचे गाडीत झोपा. गरम पाण्याची आंघोळ सगळ्यांचीच होते.

तीर्थक्षेत्रांची भक्तनिवासं, धर्मशाळा आणि गुरुद्वारे यांच्या आवारातही अनेकदा वाहनतळ असतो. इथेही कार्यालयात जाऊन विचारायचं, नाव-नंबर नोंदवायचा आणि तिथल्या शिस्तीप्रमाणे राहायचं.

टोलनाक्याजवळ उजेड आणि माणसं असतात, पण रात्रभर ट्रकचा आवाज आणि धूर. झोप अनावर झाली तर तासाभराच्या विश्रांतीला ते ठीक. तेही कर्मचाऱ्यांना विचारून, लेनपासून दूर.

या जागा टाळाच

महामार्गाची कड. ‘उभ्या ट्रकला मागून धडक’ ही बातमी आपण कितीदा वाचतो! पहाटे पेंगुळलेल्या चालकाला कडेला उभी असलेली गाडी उशिरा दिसते. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासारख्या वेगवान रस्त्यावर तर क्षणात अंतर संपतं. तिथे डोळे मिटायला लागले तर पुढच्या इंटरचेंजवरून बाहेर पडा आणि गावाजवळ जागा शोधा. कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ नुसार इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीने गाडी सार्वजनिक ठिकाणी सोडता येत नाही आणि कलम १२७ नुसार पार्किंगला मनाई असलेल्या जागेवरून पोलीस ती उचलून नेऊ शकतात.

नदीचं पात्र. कोरडी वाळू, खळाळता प्रवाह, फोटोला छान. पण वरच्या धरणातून पाणी कधी सुटेल हे खाली कळत नाही. जून २०१४ मध्ये हिमाचलमधल्या थलौट इथे लारजी धरणाचं पाणी अचानक वाढलं आणि बियास नदीत उतरलेले सहलीचे २४ विद्यार्थी वाहून गेले. ती वेळ संध्याकाळची होती. झोपेत असलेल्या कुटुंबाला तर सावरायलाही वेळ मिळणार नाही.

समुद्राची पुळण. भरतीला पाणी कुठवर येतं ते स्थानिकांनाच माहीत असतं, आणि जड गाडी वाळूत रुतली की ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं. गोव्यात तर पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायलाही कायद्याने बंदी आहे.

याशिवाय पावसाळ्यात घाटातल्या कापलेल्या डोंगराखाली, पुलाखालच्या अंधारात, गावाबाहेरच्या ओसाड मैदानात आणि जंगलाच्या हद्दीत थांबू नका. गावात थांबायचं झालं तर सरपंच, पोलीस पाटील किंवा पोलीस ठाण्यात सांगून थांबा. अनोळखी गाडी रात्री दिसली की गावकऱ्यांनाही काळजी वाटते. तुम्ही आधीच ओळख दिलीत तर तेच तुमच्याकडे लक्ष ठेवतात.

गाडीच्या आतला धोका

आपण बाहेरच्या चोराची काळजी करतो, पण बंद गाडीतली हवा त्याहून घातक ठरू शकते. डिसेंबर २०२४ मध्ये केरळच्या कोळिकोड जिल्ह्यात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरॅव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. गाडीच्या जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरला होता, असं तपासात निष्पन्न झालं. दोघंही एसी लावून विसावले होते.

या वायूला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं आणि झोपलेल्या माणसाला तेवढंही कळत नाही. म्हणून हे नियम घरातल्या प्रत्येकाला माहीत हवेत.

• इंजिन चालू ठेवून एसी लावून झोपायचं नाही. उन्हाळ्यात बॅटरीवरचा पंखा, जाळी लावलेली खिडकी आणि सावलीची जागा शोधा.

• जनरेटर गाडीत, गाडीखाली किंवा खिडकीजवळ नको. बाहेर दूर ठेवून वापरा आणि झोपण्याआधी बंद करा.

• थंडीत शेगडी, कोळसे किंवा गॅस पेटवून गाडी ऊबदार करायची नाही. रजया जास्त घ्या.

• समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवा.

• बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर विकत घ्या. भाड्याच्या गाडीत तो आहे का, चालू आहे का, हे गाडी ताब्यात घेतानाच तपासा.

• स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की खाली साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी. झोपण्याआधी रेग्युलेटर बंद.

• एकाच वेळी दोघांचं डोकं दुखू लागलं तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि ११२ ला फोन करा.

शेजारी कोण उभं आहे तेही पाहा. इंजिन चालू ठेवून उभी असलेली एसी बस किंवा शीतगृहाचा ट्रक बाजूला असेल तर त्याचा धूर तुमच्या खिडकीत येतो. जागा बदला.

गाडी कशी लावाल?

गाडीचं तोंड बाहेर जाण्याच्या दिशेला असू द्या, म्हणजे गरज पडली तर मागे न घेता निघता येईल. ट्रकच्या रांगेत मध्ये शिरू नका. ट्रक पहाटे तीन-चारलाच हलतात आणि मागे घेताना चालकाला तुमची गाडी दिसेलच असं नाही. कार्यालयाजवळचा, कॅमेऱ्याच्या टप्प्यातला, भिंतीकडेचा कोपरा मागून घ्या. हँडब्रेक लावा आणि चाकाला लाकडी ठोकळा किंवा दगड द्या.

चालकाची सीट रात्री रिकामी ठेवा आणि किल्ली कायम एकाच जागी, निदान दोघांना माहीत असलेली. पडदे ओढा, म्हणजे आत किती माणसं आहेत ते बाहेरून दिसणार नाही. रात्री कुणी काच वाजवली तर दार उघडू नका, आतूनच बोला. पोलीस असतील तर ओळख विचारा, गाडीची कागदपत्रं दाखवा. शौचालयाला जाताना मुलं किंवा बायका एकट्या नकोत. दोघांनी जायचं, टॉर्च घेऊन.

झोपण्याआधी घरच्या एकाला लाइव्ह लोकेशन आणि जागेच्या पाटीचा फोटो पाठवा. सकाळी किती वाजता फोन करणार, तेही सांगा. आपत्कालीन मदतीचा ११२ क्रमांक देशभर चालतो आणि राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३ आहे. रस्त्यावरच्या जवळच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा लिहून ठेवलात तर मदतीला येणाऱ्यांना जागा लगेच सापडते. समाजमाध्यमांवर फोटो टाकायचे असतील तर जागा सोडल्यावर टाका.

मन साशंक झालं तर?

सगळं ठीक दिसत असूनही कधीकधी एखादी जागा पटत नाही. कुणी गाडीभोवती उगाच फेऱ्या मारतं, ‘किती जण आहात, कुठे चाललात’ असं पुन्हा पुन्हा विचारतं. अशा वेळी घरातल्या एकालाही तिथे थांबावंसं वाटत नसेल, तर वाद न घालता निघा. दुसरी जागा दुपारीच ठरवलेली असेल तर रात्री आठ वाजताही घाबरायचं कारण नाही. तीही नाही जमली तर जवळच्या शहरात साधी खोली घ्या. एका रात्रीचं भाडं गेलं तरी सहल बिघडत नाही.

आणि सकाळी निघताना दहा मिनिटं जागेसाठी द्या. कचरा पिशवीत भरून सोबत घ्या. भांड्यांचं पाणी आवारात ओतू नका. शौचालयाची टाकी नाल्यात किंवा शेतात नाही, शौचालयातच रिकामी करा. ज्यांनी जागा दिली त्यांना भेटून ‘येतो’ म्हणा आणि त्यांचा नंबर घ्या. परतीच्या वाटेवर तुम्हाला तो लागेल. तुमच्यामागून येणाऱ्या पुढच्या गाडीलाही तिथे ‘हो’ म्हटलं जाईल.