न घेतलेल्या कर्जाचा तगादा

बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेसाठी लसीकरणावर, आहारावर किंवा तापावर लिहावे अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. मी कर्जवसुलीचा विषय निवडला, याचे कारण सांगणे आवश्यक आहे. सावलीसारख्या तालुक्याच्या गावी मुलाच्या आजाराबरोबर त्याच्या घरचा वृत्तांतही ऐकावा लागतो; आणि गेल्या काही वर्षांत त्या वृत्तांतात एक तक्रार वारंवार कानी येऊ लागली आहे. जे कर्ज घेतलेच नाही, त्याच्या वसुलीसाठी माणसे दारात येतात. गुजरातीत तिला ‘उघराणी’ म्हणतात, आपण तगादा म्हणतो, भीती एकच.

आठ वर्षांचा एक मुलगा पोटदुखीसाठी माझ्याकडे आणला गेला. दुखणे बेंबीभोवती, बहुधा संध्याकाळी. वजन-उंची वयानुरूप, लघवी-शौचाच्या तपासण्या व सोनोग्राफी निर्दोष, दुखण्याने रात्री झोपमोड नाही. अशा पोटदुखीत वेदना खरी असते, पण आतड्यांत तिचे कारण सापडत नाही. मी आईला एवढेच विचारले, की संध्याकाळी घरात काय घडते? तिचे डोळे भरून आले. “साहेब, दोन माणसं येतात. अंगणात उभी राहून मोठमोठ्यानं यांचं नाव घेतात. सगळी आळी ऐकते.”

वडील मंजुसरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. मागणी दुचाकीच्या कर्जाची होती; घरी दुचाकीच नव्हती. चौकशीअंती कळले की कर्जदाराचे नाव व आडनाव तेच होते, परंतु वडिलांचे नाव वेगळे आणि जन्मवर्षही वेगळे. ही विसंगती कोणी पाहिलीच नव्हती, कारण कर्जाचा कागद कोणी मागितलाच नव्हता. ‘एकदाची पीडा टळो’ म्हणून कुटुंबाने तीन हजार रुपये मात्र देऊन टाकले होते. त्यानंतर फेऱ्या वाढल्या, आणि त्यात नवल नाही. देणाऱ्याने पैसे दिले याचा अर्थ वसुलीवाला ‘कर्ज मान्य आहे’ असाच लावतो.

वैद्यकाला ही चूक चटकन ओळखू येते. प्रसूतिगृहात नवजात बाळाच्या मनगटाला आईच्या नावाची पट्टी आपण का बांधतो? वॉर्डात इंजेक्शन देण्यापूर्वी परिचारिका केवळ नावावर विसंबत नाही. वडिलांचे नाव, वय आणि केस क्रमांक ताडून पाहते. ‘हाच तो रुग्ण’ हे सिद्ध करण्याचा भार औषध देणाऱ्यावर असतो, रुग्णावर नाही. कर्जाबाबतही कायद्याचे तत्त्व तेच आहे: जो दावा करतो, त्याने पुरावा द्यावा. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होते आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेतलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे.

एका वकीलमित्राच्या साहाय्याने त्या गृहस्थांकडून आम्ही एक पत्र लिहून घेतले. ते वसुलीवाल्यांना नव्हे, तर कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रारनिवारण अधिकाऱ्याला. हे कर्ज माझे नाही. मूळ अर्ज, त्यावरील सही व छायाचित्र, सोबत दिलेले ओळखपत्र आणि रक्कम कोणास दिली याचा तपशील पाठवावा. तोवर घरी माणसे पाठवू नयेत. ‘तडजोड’, ‘हप्ता’, ‘सवलत’ हे शब्द त्यात कटाक्षाने टाळले. पत्र स्पीड पोस्टाने गेले, पावती जपून ठेवली. दारात पुन्हा माणसे आली तेव्हा त्यांच्याकडे ओळखपत्र आणि संस्थेचे अधिकारपत्र मागितले. ती ते दाखवू शकली नाहीत आणि पुन्हा फिरकली नाहीत. महिन्याभरात नोंद दुरुस्त झाल्याचे उत्तर आले. मुलाची पोटदुखी त्याआधीच, फेऱ्या थांबल्यावर आठवड्याभरात ओसरली होती. माझ्या औषधांचा त्यात वाटा नाही.

या लढाईत सामान्य माणसाच्या हाती बरेच काही आहे, पण ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. वसुलीसाठी बाहुबळ वापरण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच कडक ताशेरे ओढले. वसुली प्रतिनिधींविषयी रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये सूचना दिल्या, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर वसुलीचे फोन करण्यास मनाई केली. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान यांनाही तेव्हा मज्जाव झाला. प्रतिनिधी बाहेरचा असला तरी त्याच्या वर्तनाची जबाबदारी संस्थेचीच. संस्थेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी २०२१ पासून एकात्मिक योजना आहे आणि शुल्क पडत नाही. अंगणात धमक्या देणे हा फौजदारी गुन्हा होऊ शकतो, त्यासाठी पोलीस ठाणे आहे. उलट केवळ कर्ज थकले म्हणून ‘उद्या अटक होईल’ असे फोनवर सांगणारा बहुधा खोटे बोलतो.

दुसरे घर म्हणजे पतमाहिती अहवाल. चुकीचे कर्ज तेथे नोंदलेले राहिले तर चार वर्षांनी मुलाच्या शैक्षणिक कर्जाच्या वेळी ते उपटते. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तक्रार तीस दिवसांत न सुटल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू झाली.

कागद मागण्याचा हा हक्क आपल्याकडे फुकट मिळालेला नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले, आणि तो उठाव पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळले गेले. ज्यावर आपला अंगठा आहे पण ज्यातला मजकूर आपल्याला वाचता येत नाही, असा तो कागद होता. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयाला केवळ रोख्यावर न थांबता व्यवहाराचा इतिहास मुळापासून तपासण्यास सांगितले, आणि ऋणकोला पावती व हिशेब मागण्याचा अधिकार दिला. लेखी हिशेब मागण्यात उद्धटपणा नाही, हे मी पालकांना याच आधारे सांगतो.

आपल्या समाजात आणखी एक घोटाळा होतो तो पितृऋणाचा. वडील गेले की तेराव्याच्या आत फोन सुरू होतात, आणि सुशिक्षित मुलेही श्राद्धाच्या भावनेने भरून टाकतात. स्वेच्छेने फेडणाऱ्याला कोणी अडवत नाही. परंतु वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच असते, आणि केवळ धर्मकर्तव्य म्हणून मुला-नातवावर दावा लावण्याची वाट २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने, त्या वर्षीच्या ९ सप्टेंबरनंतरच्या कर्जांपुरती, बंद केली आहे.

जामीनदाराची गोष्ट मात्र निराळी. पतपेढीच्या कागदावर मित्रासाठी सही केलेल्याला ‘मी कर्ज घेतले नाही’ म्हणता येत नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार, करारात अन्यथा नसेल तर, त्याची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. ज्याचा क्रमांक कोणी परस्पर ‘संदर्भ’ म्हणून दिला, तो जामीनदार नव्हे. आपल्या दवाखान्यांना हा भेद ठाऊक हवा, कारण सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांसाठी येणारे फोन आपल्या स्वागतकक्षात खणाणतात. झटपट कर्जाची काही अॅप्स तर मोबाइलमधील सारी नावे उपसून नातलगांना, शेजाऱ्यांना छळत असत. अशी यादी उघडण्यास रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रतिबंध केला. तरीही बनावट अॅपवाले छळतातच. त्यांनी पैसे उकळल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

आमच्या स्वागतकक्षात फोनजवळ एक वही आहे. तारीख, वेळ, क्रमांक, बोलणाऱ्याचे पूर्ण नाव, संस्था, कर्जखाते क्रमांक असे रकाने आखले आहेत. आमची सहायिका शांतपणे एकेक विचारते. बोलणारा बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या रकान्यापाशीच फोन ठेवतो.