सुळा उतरण्यापूर्वी

उज्जैनच्या कितीतरी घरांत, त्यात मराठी घरेही आली, गरोदर सुनेला ग्रहणकाळात सुरी-सुई हाती धरू देत नाहीत. धरली तर बाळाचा ओठ फाटतो म्हणतात. ही समजूत महाराष्ट्रात आहे आणि पार मेक्सिकोतही आहे. उज्जैनमध्ये मात्र ती जास्त बोचते, कारण वराहमिहिर याच अवंतीचा. चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो, हे त्याने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त लिहून ठेवले. राजा जयसिंहाची वेधशाळाही याच गावात उभी आहे. तरीही नानाखेड्याच्या बसस्थानकावरून फाटक्या ओठाचे तान्हे पदराखाली झाकून इंदूरची गाडी धरणाऱ्या बाईला सगळा दोष आपलाच वाटत असतो.

दोष तिचा नाही. गर्भाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात सांधला जातो, टाळू त्यानंतर. तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचीही खात्री झालेली नसते. जगात साधारण 700 जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू असा दुभंगलेला राहतो. काही अंशी आनुवंशिकता, काही अंशी पोषण आणि औषधे. पुष्कळदा एक ठाम कारण सापडतच नाही.

ओठाची शस्त्रक्रिया तीन ते सहा महिन्यांच्या वयात होते, टाळूची साधारण दीड वर्षाच्या आत. फोटोत बाळ हसू लागते आणि घरच्यांना वाटते, सुटलो. पंढरपुरात जन्मलेले, अमेरिकेत स्थायिक झालेले प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित यांनी भारतभर मोफत शिबिरे घेऊन अशी हजारो मुले हसती केली. अपघातानंतर शरीर अधू झाले, घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र गेले, तरी ते दरवर्षी येत राहिले. 2001 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2011 मध्ये ते गेले. त्यांचे ऋण मोठे आहे. पण शिबिरात ओठ सांधता येतो. त्यामागची हिरडी वर्षानुवर्षे पाहावी लागते.

या लेखाचा विषय ती हिरडीच आहे. ओठ आणि टाळू यांच्या मधे, वरच्या हिरडीच्या हाडात खाच उरते. वरून कातडी जुळलेली असते, आत हाड नसते. त्यातून कधी दूध नाकात उतरते. नाकपुडीला खालून आधार नसल्याने ती बसकी राहते. शिवाय सुळ्याला उतरायला जागाच नसते. दात हाडातूनच वाट काढतो; हाड नाही तर तो अडकतो, वाकडा येतो.

अमेरिकेत बॉइन आणि सँड्स यांनी 1972 मध्ये यावर मार्ग दाखवला, तो आजही पहिल्या पसंतीचा आहे. साधारण आठ ते अकराव्या वर्षी, सुळा उतरण्यापूर्वी, कमरेच्या हाडाच्या कडेला लहानशी खिडकी पाडतात. आतले जाळीदार, रक्ताळलेले हाड चमच्यासारख्या हत्याराने खरवडून काढतात आणि हिरडीच्या खाचेत दाबून भरतात. काही महिन्यांत खाच भरते आणि सुळा त्या नव्या हाडातून खाली सरकू लागतो. मला यात सर्वांत नवल वाटते ते याचे, की त्या खरवडलेल्या लगद्यात हाड घडवणाऱ्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, असतातच. फ्रीडेनस्टाइन या सोव्हिएत शास्त्रज्ञाने मज्जेतल्या या पेशी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओळखल्या. म्हणजे स्टेम सेलचा उपचार शल्यविशारद आधीपासूनच करत होते.

त्याची किंमत मूल कमरेने मोजते. तोंडापेक्षा तिथेच जास्त दुखते आणि काही दिवस ते लंगडत चालते. ही किंमत वाचवण्यासाठीच नवे संशोधन चालले आहे. त्यातला एक धागा थेट दुधाच्या दातापर्यंत जातो. अमेरिकेतील बालदंतवैद्य सोंगताओ शी यांनी आपल्या सहा वर्षांच्या मुलीच्या पडलेल्या दाताच्या आत लालसर जिवंत ऊती पाहिली. 2003 मध्ये त्यांच्या गटाने जाहीर केले, की पडलेल्या एका दातात जेमतेम 12 ते 20 मूळपेशी मिळतात, पण त्या प्रयोगशाळेत भराभर वाढतात. आपल्याकडे जो दात कौलावर भिरकावायचा, तो हा! साव पाउलोमधील सिरियो-लिबानेस रुग्णालयाच्या गटाने अशा पेशी हाडासारख्या खनिजाच्या जाळीवर पेरून मोजक्या मुलांच्या हिरडीत बसवल्या आणि 2020 मध्ये निष्कर्ष मांडले. वर्षभराने हाड कमरेच्या हाडाच्या तोडीने भरलेले दिसले. कोलंबियात बोगोटाच्या शल्यविशारदांनी नाळेच्या रक्तातील पेशी तान्हेपणीच वापरून पाहिल्या.

आशा खरी आहे, पण मुले मोजकीच आहेत. सुळा नीट उतरला का, चेहऱ्याची वाढ कशी झाली, हे कळायला दशक लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार काही रक्तविकार सोडले तर स्टेम सेलचा प्रत्येक वापर प्रायोगिकच मानला जातो. तो मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घेऊ नयेत. नाळेच्या रक्ताखेरीज दाताचा गर वगैरे साठवण्याच्या व्यापारालाही त्यात परवानगी नाही. म्हणून दात साठवायला किंवा ‘स्टेम सेलने हिरडी भरून देतो’ म्हणणाऱ्याला हजारो रुपये देऊ नका, असे मी स्पष्ट सांगेन.

कारण या मुलांचे नुकसान स्टेम सेल नसल्यामुळे होत नाही. ओठ जुळल्यावर पुन्हा कोणी पाहत नाही आणि आठवे-नववे वर्ष हातचे निघून जाते, म्हणून होते. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ-टाळू समाविष्ट आहेत आणि तो 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. अंगणवाडीत, शाळेत तपासणीचे पथक येते. आपल्या ओळखीत असे मूल असेल तर सातवे सरले की त्याच्या हिरडीचा एक्स-रे काढून घ्या आणि सुळा कुठवर आला आहे, हे डॉक्टरांना विचारा.