इरावतीचा काठ आणि आपलं शिवार

रंगूनहून निघायचं, इरावतीच्या पात्रातून बागानच्या देवळांपर्यंत वर यायचं आणि पुढे चिंदविन नदीने थेट होमालिनपर्यंत, म्हणजे मणिपूरच्या डोंगरांच्या पलीकडच्या अंगाला पोचायचं. पंधरा-वीस दिवसांची ही जलसफर अनेक वर्षं जगभरच्या पर्यटकांना विकली गेली. तिच्या जाहिरातींत काठावरच्या लोकांसाठी एक विशेषण ठरलेलं असे : दुर्गम. बिदर जिल्ह्यातल्या हुलसूरसारख्या गावात राहणाऱ्याला हे विशेषण खटकल्याशिवाय राहत नाही. आपणही कुणाच्या तरी नकाशाच्या कोपऱ्यातच आहोत. बंगळूरला आपण टोकाला, मुंबईला तर हद्दीबाहेर. तरी आपल्या शिवारातली तूर सगळीकडे पोचते. इरावतीकाठच्या माणसांचंही तसंच आहे. ती जगापासून कधीच तुटलेली नव्हती, आणि मराठी मुलखापासून तर मुळीच नाही.

आधी नदी समजून घेऊ. उत्तर ब्रह्मदेशात मितसोन इथे न्माई आणि माली या दोन नद्यांचा संगम होतो आणि तिथून पुढे ती इरावती. लांबी दोन हजार किलोमीटरहून जास्त. समुद्रापासून भामोपर्यंत तिच्यात बारमाही बोटी चालू शकतात. आपली मांजरा पाटोद्याजवळ बालाघाटाच्या डोंगरात उगवते आणि बीड, धाराशिव, लातूर करत बिदर जिल्ह्यात येते. एप्रिल-मे महिन्यांत तिच्यात डोह शोधावे लागतात. इरावती आटत नाही, पण तिची पातळी फार हलते. मंडालेपाशी ऐन पुरातलं पाणी आणि उन्हाळ्यातलं पाणी यांत सुमारे तीस फुटांचा फरक पडतो. पूर ओसरला की वाळूचे दांडे जागा बदलून वर येतात आणि गेल्या वर्षीची वाट यंदा उपयोगी पडत नाही. म्हणून बोटी सपाट तळाच्या असतात आणि नाळेवर एक माणूस लाल-पांढरे पट्टे रंगवलेला बांबू पाण्यात बुडवत खोली ओरडून सांगत राहतो. उघड्या पडलेल्या गाळपेरात काठचे शेतकरी भुईमूग, कडधान्यं, भाजीपाला घेतात. पुढच्या पावसात ती जमीन पुन्हा पाण्याखाली जाते.

या पाण्यावर १८६५ पासून 'इरावदी फ्लोटिला कंपनी'चं राज्य होतं. ही स्कॉटिश कंपनी १९२०च्या दशकात सहाशेहून अधिक नौका चालवत होती. तांदूळ, सागवान, टपाल, जनावरं, माणसं, सगळं तिच्याच नौकांतून जाई. १९४२ मध्ये जपानी सैन्य आलं तेव्हा शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून कंपनीनेच मंडालेपाशी आपल्या बोटी बुडवल्या.

सफरीतल्या थांब्यांमध्ये मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते यांदाबो. १८२६च्या २४ फेब्रुवारीला पहिलं इंग्रज-ब्रह्मी युद्ध संपवणारा तह इथे झाला. आसाम, मणिपूर, आराकान, तेनासरीम यांच्यावरचा हक्क ब्रह्मी राजाने सोडला आणि एक कोटी रुपये दंड कबूल केला. त्या तहाच्या गावात आज घरोघर मडकी घडतात. काठची पिवळी माती आणून तिच्यात बारीक वाळू कालवतात आणि पायांनी तुडवतात. एक बाई पायाने चाक फिरवते, दुसरी त्यावर मडक्याचा गळा काढते. माती जरा आवळली की आतून ठोकळ्याचा आधार देत बाहेरून लाकडी थापीने मारून पोट फुगवतात. थापीवर नक्षी कोरलेली असते, ती प्रत्येक फटक्यासरशी मडक्यावर उमटते. मग उघड्यावरच मडक्यांची रास रचून लाकूड आणि पेंढा घालून आवा पेटवतात. थापीचा तो टपटप आवाज आपल्याकडच्या कुंभारवाड्यात वाढलेल्याला परका वाटणार नाही. ही मडकी बोटींतून नदीभर विकली जातात. ब्रह्मदेशात रस्त्याकडेला वाटसरूंसाठी पाण्याची मडकी भरून ठेवण्याची रीत आहे, तिला यांदाबोचा माल लागतो.

मंडालेच्या वर मिंगून ते च्यौकम्यौंग हा नदीचा पट्टा २००५ मध्ये इरावतीतल्या डॉल्फिनसाठी राखीव झाला. तिथले भोई डॉल्फिनच्या मदतीने मासे धरतात. भोई होडीच्या कडेवर लाकडी खुंटीने ठोकतो, घशातून आवाज काढतो. डॉल्फिन माशांचा थवा होडीकडे हाकत आणतात आणि शेपटी पाण्यावर काढून जाळं कुठे टाकायचं ते दाखवतात. फेकजाळं पडलं की त्याच्या कडेने निसटणारे मासे डॉल्फिनचे. ही भागीदारी बापाकडून मुलाकडे येते. पाण्यात विजेचा झटका देऊन मासे मारणाऱ्यांनी आता ती धोक्यात आणली आहे. नदीत हे डॉल्फिन शंभराच्या आतच उरलेत.

याच पाण्यावरून एक राजा कोकणात आला. 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' ही मुंबईत १८६३ साली निघालेली कंपनी ब्रह्मदेशच्या जंगलात सागवान तोडत होती. ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेले आणि पैसे बुडवले, असं म्हणत राजा थिबाच्या दरबाराने १८८५ मध्ये तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त मिळालं. जनरल प्रेंडरगास्टचं सैन्य फ्लोटिला कंपनीच्याच बोटींत चढलं, १४ नोव्हेंबरला सरहद्द ओलांडली आणि दोन आठवड्यांत मंडाले पडलं. दुसऱ्या दिवशी सव्वीस वर्षांचा राजा, गरोदर राणी सुपयालत आणि परिवार यांना बैलगाडीतून धक्क्यावर आणून 'थूरिया' बोटीवर चढवलं. इरावतीने रंगून, समुद्राने मद्रास आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी.

थिबाला रत्नागिरीत तीस वर्षं काढावी लागली. उंचावरचा राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला. समोर भाट्याची खाडी, मागे परतीची वाट नाही. १९१६च्या डिसेंबरात तो तिथेच वारला, त्याची समाधीही तिथेच आहे. त्याच काळात रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक थिबाच्या मंडालेत कोंडलेले होते. १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच तुरुंगात 'गीतारहस्य' लिहून झालं. टिळक १९१४ मध्ये सुटून पुण्याला आले. थिबा सुटला नाही. आपण टिळकांचं मंडाले शाळेपासून शिकतो. थिबाचं रत्नागिरी मात्र आपल्याला सहलीतला एक वाडा एवढंच ठाऊक असतं, हे मला अन्यायाचं वाटतं.

चिंदविनवर मोलाइक नावाचं गाव आहे. बॉम्बे बर्माचा त्या खोऱ्यातला मुख्य तळ तिथे होता. साहेबांचे सागवानी बंगले तिथे अजून उभे आहेत. आणखी वर गेलं की १९४४ची आठवण लागते. मार्चच्या मध्यावर जपान्यांनी चिंदविन ओलांडली आणि ते इंफाळ-कोहिमाकडे सरकले. वाटेत संगशाकच्या टेकडीवर त्यांना अडवणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची ४/५ पलटण होती. मणिपूरचं पाणीही शेवटी याच नदीत येतं, कलेवापाशी.

आज या सफरीचा मार्ग युद्धभूमी झाला आहे. १ फेब्रुवारी २०२१ला लष्कराने सत्ता घेतल्यापासून सगाईंग, मॅगवे, चिंदविनचं खोरं आणि वरचं भामो इथे लढाई पेटली. २८ मार्च २०२५च्या भूकंपाने सगाईंग-मंडाले हादरलं आणि इरावतीवरचा १९३४चा आवा पूल पडला. ज्यांना पर्यटक बोटीच्या गच्चीवरून हात हलवत होते, त्यांच्यातल्या असंख्यांची घरं जळाली आहेत.

आणि तरीही तो मुलूख आपल्याला माल पाठवतोच आहे. मंडाले, सगाईंग, मॅगवे हा ब्रह्मदेशचा कोरडा पट्टा. आपल्याकडे पावसाला सह्याद्री अडवतो, तिथे आराकानचे डोंगर. अशा जमिनीत जे येतं तेच तिथेही येतं : तूर, उडीद, तीळ, भुईमूग. बर्मी ताटात तूर फारशी नसते, ती पिकते भारतासाठी. मोन्यवासारख्या चिंदविनकाठच्या पेठांतून ती रंगूनला आणि तिथून जहाजाने चेन्नई-मुंबईला येते. आपल्या बाजारात व्यापारी तिला 'लेमन' म्हणतात. केंद्राने मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली केली आणि पुढे म्यानमारशी पाच वर्षांचा करार केला : दरवर्षी अडीच लाख टन उडीद, एक लाख टन तूर. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण भालकी-बसवकल्याणच्या अडतीवर पट्टी हातात पडते तेव्हा ती लेमनच्या भावाशीही बांधलेली असते.

२०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये जाहीर झाला. बाजार त्याच्या खाली गेला की आपल्याकडे राग निघतो तो 'बर्माच्या तुरीवर', आणि राग रास्त आहे. पण तो योग्य जागी निघाला पाहिजे. सगाईंगचा शेतकरी बंदुकांच्या सावटात पेरणी करतो, त्यालाही आधीपासून काहीच कळत नाही. आयात किती होणार, शुल्क लागणार की नाही, हे दोन्हीकडच्या शेतकऱ्याला हंगाम हातात आल्यावर समजतं. दिल्लीकडे मागायचं ते एवढंच : तुरीच्या आयातीचं धोरण मे महिन्यात, पेरणीच्या आधी जाहीर करा आणि रास होईपर्यंत बदलू नका.