विश्लेषण : मनोरुग्ण आरोपी सुटल्यावर पुन्हा हिंसा करतात का?

जुलै २००८ मध्ये कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात ग्रेहाउंड बसमधील एका प्रवाशाने शेजारी झोपलेल्या तरुणाची चाकूने हत्या केली. हल्लेखोराला स्किझोफ्रेनिया होता. २००९ मध्ये न्यायालयाने त्याला आजारामुळे गुन्ह्यासाठी जबाबदार न धरता रुग्णालयात ठेवले. २०१७ मध्ये तो पूर्णपणे मुक्त झाला. मृताच्या आईने याला जाहीर विरोध केला होता. त्याने औषधे सोडली तर काय, हा प्रश्न आजही विचारला जातो.

सुटकेचा निर्णय कोण घेते?

कॅनडात प्रत्येक प्रांतात पुनर्विलोकन मंडळ असते. रुग्णालयात ठेवणे, अटींसह सोडणे किंवा पूर्ण मुक्तता असे तीन पर्याय त्याच्यापुढे असतात. जनतेला लक्षणीय धोका उरला नसेल, तर पूर्ण मुक्तता द्यावीच लागते, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये स्पष्ट केले. बस हत्याकांडानंतरच्या संतापातून २०१४ मध्ये कायदा कडक झाला आणि 'अतिजोखमीचा आरोपी' हा नवा वर्ग आला.

आकडे काय सांगतात?

क्वेबेक, ओंटारियो आणि ब्रिटिश कोलंबियातील अशा १,८०० जणांचा अभ्यास झाला. निकालानंतर तीन वर्षांत सुमारे १७ टक्के जणांनी पुन्हा कोणता ना कोणता गुन्हा केला. गंभीर हिंसक गुन्ह्याचे प्रमाण मात्र सुमारे ०.६ टक्के होते. विशेष म्हणजे, ज्यांचा मूळ गुन्हा अतिशय गंभीर होता, त्यांच्यात पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण तुलनेने कमी आढळले. म्हणजे गुन्हा जितका भयंकर तितका पुढचा धोका मोठा, हा समज टिकत नाही.

मग धोका कशाने वाढतो?

आधीच्या गुन्ह्यांचा इतिहास, दारू किंवा अमली पदार्थांचे व्यसन, समाजविघातक व्यक्तिमत्त्व दोष, औषधे बंद करणे आणि राहायला जागा नसणे. जोखीम तपासण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'एचसीआर-२०' या पद्धतीत २० मुद्दे असतात : १० भूतकाळाचे, ५ सध्याच्या स्थितीचे, ५ पुढील परिस्थितीचे. भूतकाळ बदलता येत नाही. उपचार, निवारा आणि देखरेख यांतून उरलेल्या १० मुद्द्यांवर काम करता येते.

भारतात काय होते?

भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ नुसार कृत्याचे स्वरूप किंवा ते चूक आहे हे मनोविकारामुळे न कळणाऱ्याला शिक्षा होत नाही. पण तो लगेच घरीही जात नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७४ नुसार न्यायालय त्याला सुरक्षित ताब्यात ठेवते किंवा हमी घेऊन नातेवाईक वा मित्राकडे सोपवते. त्याची नीट काळजी घेण्याची आणि त्याच्याकडून कोणाला इजा होऊ न देण्याची जबाबदारी मग हमी देणाऱ्यावर येते. रोजच्या गोळ्या तो घेतो की नाही, हेही बहुतेकदा घरच्यांनाच पाहावे लागते.